ढिगाच्या तळाचे ओले धान्य

जुम्याची नमाज झाली, मशिदीच्या पायऱ्यांवर चार माणसे थांबली, की कुणीतरी मोबाइल पुढे करतो. त्यात एखादा विखारी व्हिडिओ असतो. हजारो लोकांनी पाहिलेला, अनेकांनी तक्रार केलेली आणि तरीही जागचा न हललेला. मग कुणीतरी म्हणतो, "या कंपन्या आपल्या दुश्मन आहेत." बाकीचे माना हलवतात आणि आपापल्या घरी जातात.

मला हे निदान पटत नाही. कंपन्या निर्दोष आहेत असे मला म्हणायचे नाही. माझा आरोप याहून मोठा आहे. दुश्मनाला निदान आपली दखल घ्यावी लागते. या कंपन्यांच्या वहीत आपण कुठल्या पानावर आहोत, हे पाहिले तर दुश्मनीचा मानसुद्धा आपल्याला मिळालेला नाही असे दिसते. तिथे फक्त जमा आणि खर्च आहे. हे समजून घेतले नाही तर आपण चुकीच्या दारावर जाऊन हाका मारत राहू.

सुरुवात आपल्याच घरातल्या उदाहरणाने करतो. 'मुस्लिम प्रो' हे ॲप अनेकांच्या मोबाइलमध्ये आहे किंवा होते. नमाजच्या वेळा, अजान, किब्ल्याची दिशा, कुरआनचे पठण असे सगळे त्यात मिळते. जगभरात ते ९ कोटी ८० लाखांहून अधिक वेळा डाउनलोड झाले होते. नोव्हेंबर २०२० मध्ये 'मदरबोर्ड' या अमेरिकी वृत्तसंकेतस्थळाने एक बातमी दिली. हे ॲप वापरणाऱ्यांचा ठावठिकाणा 'एक्स-मोड' नावाच्या कंपनीकडे जात होता. ही कंपनी ॲप बनवणाऱ्यांना पैसे देऊन आपला छोटासा प्रोग्रॅम त्यांच्या ॲपमध्ये बसवून घ्यायची आणि त्यातून गोळा झालेली माहिती पुढे विकायची. तिच्या गिऱ्हाइकांमध्ये अमेरिकी लष्करासाठी काम करणारे कंत्राटदार होते. आपण लष्कराला थेट माहिती विकली हा आरोप ॲपच्या कंपनीने नाकारला, पण 'एक्स-मोड'शी असलेला संबंध तिने लगेच तोडला. डिसेंबरमध्ये ॲपल आणि गुगलने हा प्रोग्रॅम सर्वच ॲपमधून काढायला लावला. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या कंपनीला लोकांच्या ठावठिकाणाची संवेदनशील माहिती विकण्यास मनाई केली.

यात इस्लामचा द्वेष कुणी केला? ॲप बनवणाऱ्यांनी केला नाही; त्यांचा तर धंदाच मुसलमानांवर चालतो. 'एक्स-मोड'लाही मुसलमानांशी देणेघेणे नव्हते. हाच प्रोग्रॅम इतर अनेक साध्यासुध्या ॲपमध्येही होता. किब्ला शोधण्यासाठी माणूस स्वतःहून आपण कुठे उभे आहोत हे सांगतो. ती माहिती विकली जाऊ शकते, म्हणून विकली गेली. सजदा करणाऱ्याचा पत्ता हा त्यांच्या दृष्टीने एक माल होता. इतकेच.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. नफा वाईट नाही. आपला दीन व्यापाऱ्यांच्या शहरात उतरला. हजरत खदीजा (र.) स्वतः व्यापार करत होत्या आणि प्रेषित मुहम्मद (स.) त्यांचा माल घेऊन सीरियाकडे गेले होते. तेव्हा 'पैसा कमावणारी कंपनी म्हणजे पापी कंपनी' असले भाबडे तत्त्वज्ञान आपल्याला शोभत नाही. प्रश्न नफा कशातून येतो आणि गिऱ्हाइकापासून काय लपवले जाते, हा आहे.

'सहीह मुस्लिम'मध्ये एक प्रसंग आहे. प्रेषित बाजारातून जात असताना धान्याच्या एका ढिगापाशी थांबले आणि त्यांनी आत हात घातला. वरून कोरडे दिसणारे धान्य आतून ओले होते. विचारल्यावर विक्रेता म्हणाला की पावसाने भिजले. तेव्हा त्यांनी विचारले, की मग ते लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस? जो फसवतो तो आपल्यातला नाही, असेही त्यांनी बजावले. या प्रसंगात धान्य विकायला बंदी नाही. भिजलेले धान्यही विकायला बंदी नाही. आक्षेप आहे तो ओले तळाशी आणि कोरडे वर ठेवण्यावर.

या मापाने फेसबुककडे, म्हणजे आजच्या 'मेटा'कडे पाहू. २०२० मध्ये या कंपनीचे उत्पन्न सुमारे ८६ अब्ज डॉलर होते आणि त्यातले जवळपास ९८ टक्के जाहिरातींतून आले. जाहिरात दिसायची तर माणूस पडद्यासमोर बसलेला हवा. जितका जास्त वेळ बसेल, जितक्या वेळा परत येईल, तितके चांगले. म्हणजे आपण फेसबुकचे गिऱ्हाईक नाही. गिऱ्हाईक जाहिरातदार आहे आणि त्याला विकले जाते ते आपले लक्ष. फुकट जेवण वाढणाऱ्याच्या घरी आपण पाहुणे आहोत असे वाटत असते, प्रत्यक्षात आपणच ताटात असतो.

माणसाचे लक्ष कशाने खिळते? आनंदानेही खिळते, पण राग आणि भीती यांची पकड जास्त घट्ट असते. २०१७ पासून फेसबुकच्या गणितात साध्या 'लाइक'ला एक गुण असेल तर रागाच्या चेहऱ्यासह इतर भावमुद्रांना पाच गुण मिळत होते. संताप आणणारी पोस्ट त्यामुळे अधिक लोकांपुढे जाई. अशा पोस्टमध्ये खोटा आणि विखारी मजकूर जास्त असतो, हे २०१९ मध्ये कंपनीच्याच संशोधकांनी दाखवून दिले होते. रागाच्या चेहऱ्याचे वजन हळूहळू कमी झाले आणि सप्टेंबर २०२० मध्ये ते शून्यावर आले. मधली तीन वर्षे जगाने कशी काढली, ते आपल्याला ठाऊक आहे.

दुसरा प्रसंग २०२० च्या शेवटचा. कंपनीतल्या काही जणांनी एक प्रणाली तयार केली. लोक ज्या पोस्टना 'जगासाठी वाईट' म्हणतील त्या ओळखायच्या आणि खाली ढकलायच्या. प्रयोग यशस्वी झाला, अशा पोस्ट कमी दिसू लागल्या. पण त्यासोबत लोक फेसबुक उघडण्याचे प्रमाणही थोडे घटले. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने दिलेल्या वृत्तानुसार, या घटीमुळे कंपनीने तो उपाय सौम्य करून वापरला. औषध लागू पडले, पण दुकानाची वर्दळ कमी झाली, म्हणून मात्रा कमी केली. कुणाला मारायचे म्हणून हा निर्णय झाला नाही. एका आलेखाची रेषा खाली आली म्हणून झाला.

यातल्या बऱ्याच गोष्टी आपल्याला कळल्या कशा? कंपनीने सांगितल्या म्हणून नव्हे. २०२१ मध्ये फ्रान्सेस हॉगन या माजी कर्मचारी महिलेने हजारो अंतर्गत कागदपत्रे बाहेर आणली, ऑक्टोबरमध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली, आणि पत्रकारांनी ती कागदपत्रे वाचली. धान्य ओले आहे हे आतल्या लोकांना माहीत होते. त्याचे अहवाल लिहिले गेले होते. ढिगाच्या वर मात्र कोरडे धान्यच होते.

आता आपले पान पाहू. कंपनी दर तिमाहीला भागधारकांना एक आकडा सांगत असे: प्रत्येक वापरकर्त्यामागे किती उत्पन्न झाले. २०२० च्या शेवटच्या तिमाहीत अमेरिका आणि कॅनडातल्या एका माणसामागे ते ५३ डॉलरहून अधिक होते. आपण ज्यात येतो त्या आशिया-पॅसिफिक विभागात सुमारे ४ डॉलर. वॉशिंग्टनचा एक माणूस म्हणजे वाशिमची तेरा माणसे, असा हा भाव.

भाव कळला की पुढचे आपोआप कळते. हॉगन यांच्या कागदपत्रांनुसार, खोटी माहिती ओळखण्याच्या कामावर कंपनी जेवढा वेळ खर्च करायची त्यातला ८७ टक्के अमेरिकेसाठी राखीव होता. उरलेल्या सगळ्या जगासाठी १३ टक्के. रोज फेसबुक वापरणाऱ्यांत उत्तर अमेरिकेचा वाटा मात्र १० टक्क्यांच्या आसपास होता. हे आकडे अपुरे आहेत, त्यात बाहेरच्या तथ्यतपासणी संस्थांचे काम धरलेले नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. ते धरले तरी ताजवा कुठे झुकलेला आहे हे लपत नाही. भारताच्या २२ अनुसूचित भाषांपैकी फक्त पाच भाषांत आपली यंत्रणा प्रशिक्षित आहे, असे त्या वेळी खुद्द कंपनीनेच सांगितले होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने भारतात चाचणीसाठी खाते उघडले आणि फेसबुक जे सुचवील ते पाहत जायचे ठरवले. पुलवामाच्या हल्ल्यानंतरच्या त्या दिवसांत, आयुष्यभरात पाहिली नसतील इतकी मेलेल्या माणसांची चित्रे तीन आठवड्यांत पाहिली, अशी नोंद त्याच्या अहवालात होती. हा अहवालही ढिगाच्या तळाशीच राहिला.

स्वस्त माणसांचे काय होते याचा सर्वांत भीषण दाखला म्यानमारचा. तिथे अनेकांसाठी इंटरनेट म्हणजेच फेसबुक होते. रोहिंग्या मुसलमानांना किडे आणि कुत्रे म्हणणाऱ्या पोस्ट वर्षानुवर्षे फिरत होत्या. 'रॉयटर्स'च्या वृत्तानुसार, २०१५ च्या सुरुवातीला असा मजकूर तपासणाऱ्यांत बर्मी भाषा येणारे फक्त दोन जण होते. ऑगस्ट २०१७ मध्ये लष्कराची मोहीम सुरू झाली आणि ७ लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळाले. मार्च २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन मंडळाच्या प्रमुखांनी या द्वेषात समाजमाध्यमांची भूमिका निर्णायक होती असे सांगितले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, आपण पुरेसे काही केले नाही, हे फेसबुकने मान्य केले. कत्तल लष्कराने केली, फेसबुकने नाही. पण बाजार उघडताना मुनाफ्याचा अंदाज बांधणाऱ्यांनी बर्मी जाणणारी पन्नास माणसे नेमली नाहीत, कारण त्या बाजाराच्या हिशेबात तेवढा पगार बसत नव्हता.

आता महाराष्ट्राकडे येऊ. जून २०१४ मध्ये पुण्याच्या हडपसरमध्ये एक तरुण आयटी कर्मचारी नमाज पढून परतत असताना मारला गेला. फेसबुकवर छत्रपती शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांच्याविषयी आक्षेपार्ह चित्रे टाकली गेली होती. त्या चित्रांशी या तरुणाचा काडीचा संबंध नव्हता. त्याच्या डोक्यावर टोपी आणि चेहऱ्यावर दाढी होती, एवढेच पुरले. हे नाव आपण विसरलो नाही. पण चार वर्षांनी, १ जुलै २०१८ ला, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावात जे झाले तेही आपण विसरता कामा नये. आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भटक्या भिक्षेकऱ्यांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी फिरतेय, अशी अफवा व्हॉट्सॲपवरून पसरली होती. मारले गेलेले मुसलमान नव्हते. बोलायला कुणी नसलेली गरीब माणसे होती.

म्हणून मी म्हणतो की या प्रश्नाला केवळ 'मुसलमानांवरचा अन्याय' या चौकटीत बसवू नका. यंत्रणा जात-धर्म पाहत नाही. ती पाहते ती किंमत. जिथे दुबळा असेल तिथे तो सापडतो. कधी रोहिंग्या, कधी डवरी गोसावी, कधी दाढीवाला तरुण.

राईनपाड्यानंतर जे घडले त्यात एक धडा आहे. देशभर अशा हत्या होत होत्या. केंद्र सरकारने व्हॉट्सॲपला खडसावले, वर्तमानपत्रे जगभर लिहू लागली. त्याच जुलै महिन्यात कंपनीने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. पुढे जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये, फार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे केले, आणि असे संदेश ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीनेच सांगितले. म्हणजे उपाय अवघड नव्हता. त्यासाठी नवा शोध लागायचा नव्हता. एक आकडा बदलायचा होता. तो राईनपाड्याच्या आधीही बदलता आला असता.

इथे कुणी विचारील, की मग द्वेष पेरणाऱ्यांचे काय? दगड उचलणारे हात कंपनीचे होते का? नव्हते. द्वेष फेसबुकच्या आधीही होता. दंगली पत्रकांवर आणि कुजबुजीवरही झाल्या आहेत. खुनाची जबाबदारी खुन्याची आणि त्याला पाठीशी घालणाऱ्यांची आहे. ती कंपनीवर ढकलून राजकारण्यांना मोकळे सोडणे हा दुसरा मूर्खपणा होईल. पण बाजारात विष विकणारा आणि त्याला सर्वांत दर्शनी जागा देऊन वर्दळीतून कमावणारा, या दोघांचे गुन्हे वेगवेगळे असले तरी दुसरा निर्दोष ठरत नाही.

शिवाय नफा आणि सत्ता यांचे गोत्र जुळते तेव्हा काय होते, तेही आपण पाहिले. ऑगस्ट २०२० मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने लिहिले, की तेलंगणातले भाजपचे आमदार टी. राजा सिंह यांच्यावर द्वेषमूलक भाषणाचे नियम लावायला फेसबुकच्या भारतातील धोरणप्रमुखांनी विरोध केला. सत्ताधारी पक्षाच्या लोकांवर कारवाई केली तर देशातल्या धंद्याला धक्का लागेल, हे कारण त्यांनी दिल्याचे वृत्तात होते. आपण पक्ष पाहून नियम लावत नाही, असे कंपनीने म्हटले. सप्टेंबरमध्ये राजा सिंह यांच्यावर बंदी आली आणि ऑक्टोबरमध्ये धोरणप्रमुख पायउतार झाल्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फेसबुकने जिओमध्ये ४३,५७४ कोटी रुपये गुंतवल्याची घोषणा केली होती. या दोन घटनांचा थेट संबंध मी जोडत नाही. पण इतकी रक्कम ज्या देशात गुंतवायची, तिथल्या राज्यकर्त्यांना दुखवताना कुठलीही कंपनी दहा वेळा विचार करील, हे समजायला फार मोठी अक्कल लागत नाही. उद्या सत्ता बदलली तर कंपनीची निष्ठाही बदलेल. नफ्याला विचारसरणी नसते.

मग करायचे काय? दुश्मनावर उपाय दोन: लढाई किंवा बद्दुआ. व्यापाऱ्यावरचा उपाय वेगळा असतो, आणि तो आपल्या परंपरेला चांगला ठाऊक आहे. इस्लामी शहरांत बाजारावर देखरेख करणारा 'मुहतसिब' नावाचा अधिकारी असे. तो दुकानदाराच्या मनातल्या नियतीची चौकशी करत बसत नसे. वजने तपासे, माप तपासे, भेसळ पकडे आणि दंड करी. हजरत उमर (र.) यांनी मदीनेच्या बाजाराची जबाबदारी शिफा बिन्त अब्दुल्लाह या महिलेकडे दिल्याची रिवायत आहे. बाजार सज्जनांच्या भरवशावर सोडायचा नसतो, ही समज त्यामागे आहे.

आजचा मुहतसिब म्हणजे कायदा, आणि त्याच्या हातातली छडी दुकानदाराला जाणवेल इतकी जड हवी. नोव्हेंबर २०२४ मध्ये भारताच्या स्पर्धा आयोगाने व्हॉट्सॲपच्या २०२१ च्या गोपनीयता धोरणावरून 'मेटा'ला २१३ कोटी १४ लाख रुपये दंड केला. आकडा ऐकून बरे वाटते. पण त्या वर्षी 'मेटा'चा निव्वळ नफा ६२ अब्ज डॉलरहून अधिक होता. हिशेब केला तर हा दंड म्हणजे त्यांची जेमतेम साडेतीन तासांची कमाई. सकाळी दुकान उघडले आणि जोहरच्या आधी दंड वसूल! युरोपच्या डिजिटल सेवा कायद्यात जागतिक उलाढालीच्या ६ टक्क्यांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तिथे कंपन्यांना आपल्या व्यवस्थेतले धोके स्वतः तपासून कळवावे लागतात, संशोधकांना माहिती द्यावी लागते. म्हणजे ढिगात हात घालण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. आपल्याकडे २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आला, पण त्यात सरकारी यंत्रणांसाठी मोठी सूट ठेवली आहे. कंपनीचा हात रोखायचा आणि सरकारचा मोकळा सोडायचा, हे अर्धेच काम झाले. मराठीत किती माणसे मजकूर तपासतात, किती तक्रारींवर किती दिवसांत कारवाई होते, हे आकडे राज्यवार आणि भाषावार जाहीर करायला लावा, ही मागणी आपण का करत नाही? ही मागणी मुसलमानांची नाही, मराठी बोलणाऱ्या प्रत्येकाची आहे. म्हणूनच तिला ताकद मिळू शकते.

शेवटी थोडे आपल्याबद्दल. आपल्याच यूट्यूबवर पाहा. एका फिरक्याने दुसऱ्याला काफिर ठरवणारा मुनाजरा लाखो लोक पाहतात. वारसाहक्काचा मसला शांतपणे समजावणाऱ्या आलिमाला शेकड्यात प्रेक्षक मिळतात. हे पाहून काही मौलवींनी आवाज चढवायला शिकून घेतले आहे. चित्रात लाल बाण आणि संतापलेला चेहरा आता त्यांच्याही व्हिडिओवर असतो. कॅलिफोर्नियातल्या कंपनीने त्यांना हुकूम दिला नव्हता. त्यांनीही तोच आलेख पाहिला आणि तोच निर्णय घेतला. आणि संताप आणणारा व्हिडिओ 'पाहा आपल्यावर काय वेळ आली' म्हणून दहा गटांत पुढे पाठवणारे आपणही त्या विखाराची किंमत वाढवत असतो. बातमी आली तर आधी खात्री करून घ्या, ही ताकीद कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये आहे. ती बोट 'फॉरवर्ड'वर टेकण्याआधी आठवली पाहिजे.

म्हणून पुढच्या जुम्याला पायऱ्यांवर कुणी मोबाइल पुढे केला, तर 'दुश्मन' म्हणून मान हलवू नका. तो व्हिडिओ कुणी टाकला, तक्रार कधी केली, काय उत्तर आले, हे तारखेसह लिहून ठेवायला सांगा. नमाजच्या ॲपला ठावठिकाण्याची परवानगी दिली आहे का, तेही विचारा. शहराचे नाव हाताने निवडले तरी वेळा बरोबर येतात, आणि मशिदीच्या भिंतीवरचे वेळापत्रक तर कुणालाच काही कळवत नाही. दुश्मनीला शिव्या देऊन घरी जाता येते. हिशेबाला मात्र हिशेबानेच उत्तर द्यावे लागते, आणि त्यासाठी आधी कुणीतरी ढिगात हात घालावा लागतो.